मुखावरील रेटिनॉइड आणि मात्रेचा विचार

गेल्या काही वर्षांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन येणारा रुग्ण आमच्याकडे सहसा कोऱ्या त्वचेने येत नाही. तो येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कोणते ना कोणते मलम आधीपासून चालू असते. मैत्रिणीने सुचविलेले, दुकानदाराने दिलेले, क्वचित कोणा डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वी लिहून दिलेले आणि चिठ्ठी हरवल्यावरही चालूच राहिलेले. या मलमांत रेटिनॉइड वर्गातील औषधे पुष्कळ असतात. ही औषधे आपल्या शास्त्रातील नव्हेत, सबब त्यांचा विचार आपण करण्याचे कारण नाही, असे आम्हीही बरीच वर्षे समजत होतो. तो समज कसा दूर झाला हे सांगताना थोडा संकोच वाटतो. तथापि व्यवसायबंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून ते येथे मांडीत आहोत.

2022 सालच्या वसंतातील गोष्ट. चोवीस वर्षांची एक तरुणी आपल्या आईसह चिकित्सालयात आली. तीन वर्षांपासून मुखदूषिका, गालांवर व हनुवटीवर अधिक, त्वचा तेलकट. लग्न वैशाखात ठरलेले, म्हणजे हाताशी जेमतेम सहा आठवडे. ऋतू वसंत, कफाचे प्राधान्य स्पष्ट. आम्ही प्रकृती पाहिली, अग्नी पाहिला, मलप्रवृत्ती व रजःप्रवृत्ती विचारली. सुश्रुताचार्यांनी यौवनपिडकांमध्ये वमन विशेष हितकर म्हटले आहे, त्यानुसार मृदू वमनाची योजना ठरविली आणि तोपर्यंत लावण्यासाठी वचा, लोध्र, सैंधव व सर्षप यांचा प्रसिद्ध लेप दिला. हा लेप आम्ही शेकडो रुग्णांना दिला असेल. गालांवर बारीक पापुद्रे सुटलेले आम्हांला दिसले होते, नाही असे नाही. परंतु ते साबणाच्या अतिवापराचे असावेत, असे समजून आम्ही पुढे गेलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा दूरध्वनी आला. मुलीचा चेहरा लालभडक झाला होता, दाह असह्य होता, ओठांच्या कोपऱ्यांना व नाकपुड्यांच्या कडांना चिरा पडल्या होत्या. प्रथम आम्हांला वाटले, सर्षपाचे प्रमाण अधिक झाले असावे. आम्ही औषधे बनविणाऱ्या मदतनिसास बोलाविलेही. नंतर आईने मुलीची पर्स टेबलावर रिकामी केली आणि तीतून एक ट्यूब निघाली. ट्रेटिनॉइन, 0.1 टक्के. पाच आठवडे, रोज रात्री, हाताला येईल तेवढे. ‘हे लावतेस, हे सांगितले का नाहीस?’ असे आम्ही विचारले, तेव्हा ती रडवेल्या आवाजात म्हणाली, ‘डॉक्टर, तुम्ही विचारलंच नाही. आणि ती क्रीम आहे ना, औषध कुठे आहे?’

तिचे म्हणणे खरे होते. आम्ही विचारले नव्हते.

आणखी खोदून विचारल्यावर जी हकीकत समजली ती या लेखाचे मुख्य कारण आहे. तिच्या पुण्यातील मामेबहिणीस एका त्वचारोगतज्ज्ञांनी अ‍ॅडापॅलीनची 0.1 टक्का जेल दिली होती आणि तिला छान गुण आला होता. या मुलीच्या लक्षात राहिला तो केवळ आकडा. गावातील दुकानात जाऊन तिने ‘मुरुमांची पॉइंट वनची क्रीम’ मागितली. दुकानदाराकडे अ‍ॅडापॅलीन नव्हते. त्याने ट्रेटिनॉइनची ट्यूब पुढे केली आणि ‘तेवढ्याच पॉवरची आहे’ असे सांगितले. चिठ्ठीवाचून देऊ नये असे हे औषध, ते चिठ्ठीवाचून दिले गेले. तो भाग वेगळाच. परंतु ‘तेवढ्याच पॉवरची’ हे जे वाक्य दुकानदार बोलला, ते चुकीचे आहे हे त्या दिवशी आम्हांलाही नेमके सांगता आले नसते.

नक्तांध्य ते मुखलेप

रेटिनॉइड म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्व आणि त्याची नैसर्गिक व कृत्रिम भावंडे. ‘अ’ जीवनसत्त्वाचा आणि रात्रीच्या दृष्टीचा संबंध सर्वांना ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नक्तांध्यावर पिंपळीसह शिजविलेले बोकडाचे यकृत सांगितले आहे. आणि यकृत हे या जीवनसत्त्वाचे मोठे भांडार होय. यावरून आपल्या आचार्यांना जीवनसत्त्वे ठाऊक होती असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. निरीक्षण अचूक होते, एवढे म्हणणे पुरेसे आहे आणि तेही थोडे नाही.

या जीवनसत्त्वापासून शरीरात जे आम्ल तयार होते त्याचेच औषधी रूप म्हणजे ट्रेटिनॉइन. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी यांनी 1969 साली मुरुमांवर त्याचा बाह्य उपयोग प्रसिद्ध केला आणि 1971 साली तेथे त्यास मान्यता मिळाली. मुरुमांसाठी हे औषध वापरणाऱ्या प्रौढ स्त्रियांच्या त्वचेवरील बारीक रेषाही कमी होतात असे पुढे लक्षात आले. क्लिगमन यांनी 1986 साली त्यावर लेख लिहिला. सूक्ष्म सुरकुत्यांसाठी 0.05 टक्क्याच्या स्निग्ध मलमास 1995 साली आणि 0.02 टक्क्यास 2000 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. दरम्यान 1996 साली अ‍ॅडापॅलीन व 1997 साली टॅझारोटीन आले. ट्रायफॅरोटीन हे अलीकडील, 2019 सालचे.

ही सर्व द्रव्ये पेशीच्या केंद्रकातील विशिष्ट ग्राहकांना जाऊन मिळतात आणि पेशीची घडण व वाढ बदलतात. रोमकूपाच्या मुखाशी ज्या पेशी चिकटून बसतात आणि स्नेहास वाट देत नाहीत, त्या सुट्या होतात. त्यामुळे नवा मुरूम धरत नाही. शाल्मलीच्या काट्यासारखी जी पिडका आपण संहितेत वाचतो, तिचे मूळ या अवरोधात असते. खालच्या थरात नवे कोलॅजन तयार होते आणि उन्हाने होणारा त्याचा नाश मंदावतो. सुरकुत्यांवरील परिणाम तेथून येतो. पहिले काम आठवड्यांचे आहे, दुसरे महिन्यांचे. हा काळाचा भेद रुग्णास प्रथम दिवशीच सांगावा लागतो, अन्यथा तो आठव्या दिवशी अधिक तीव्र ट्यूब मागावयास येतो.

आकडा कशाचा?

आता त्या ‘पॉवर’कडे येऊ. ट्यूबवरील टक्केवारी एवढेच सांगते, की शंभर भाग मलमात त्या विशिष्ट द्रव्याचे किती भाग आहेत. 0.025 टक्के ट्रेटिनॉइनच्या वीस ग्रॅम ट्यूबमध्ये एकूण 5 मिलिग्रॅम द्रव्य असते, 0.1 टक्क्याच्या तेवढ्याच ट्यूबमध्ये 20 मिलिग्रॅम, म्हणजे चौपट. एकाच द्रव्याच्या दोन ट्यूबची तुलना या आकड्याने करता येते. दोन निराळ्या द्रव्यांची नाही. वत्सनाभाची मात्रा आणि शतावरीची मात्रा एकाच गुंजेने मोजून ‘दोन्ही सारखीच’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास आपण पहिल्याच वर्षी नापास केले असते. आणि येथे तीच चूक दुकानाच्या गल्ल्यावर रोज होते. अ‍ॅडापॅलीन 0.1 टक्का हे त्वचेला सौम्य औषध आहे. मुरुमांवर त्याचा गुण ट्रेटिनॉइनच्या 0.025 टक्के जेलच्या तोडीचा आढळला आहे आणि दाह त्याहून कमी. ट्रेटिनॉइन 0.1 टक्का ही मात्र त्या औषधाची सर्वांत तीव्र प्रचलित मात्रा होय. टॅझारोटीन 0.1 टक्का हे तर सामान्यतः त्याहूनही क्षोभक. ट्रायफॅरोटीन केवळ 0.005 टक्के असते आणि तेवढ्यावर काम करते. उलट सौंदर्यप्रसाधनांतील रेटिनॉल 0.3 किंवा 1 टक्का असले तरी त्वचेत त्याचे दोन टप्प्यांनी आम्लात रूपांतर व्हावे लागते, म्हणून ते ट्रेटिनॉइनहून कितीतरी सौम्य ठरते. सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. युरोपीय संघाने 2024 साली चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉलची मर्यादा 0.3 टक्के आणि अंगास लावावयाच्या प्रसाधनांत 0.05 टक्के ठरविली आहे.

द्रव्याइतकेच महत्त्व त्याच्या आधाराला, म्हणजे कल्पाला आहे. तोच 0.025 टक्का जेलमधून दिला तर रूक्ष व शोषक होतो, क्रीममधून दिला तर स्निग्ध व सौम्य. तैल, घृत व अर्क यांतील भेद ज्या वैद्यास समजतो त्यास हे अधिक समजावून सांगावे लागणार नाही. तेलकट, जाड, मोठ्या रोमकूपांच्या त्वचेस जेल. कोरड्या, पातळ त्वचेस क्रीम.

मग तीव्रता वाढविल्याने लाभ किती वाढतो? आमच्या मते या विषयातील सर्वांत उपयुक्त माहिती 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी उन्हाने जून झालेल्या त्वचेच्या 99 व्यक्तींना 48 आठवडे 0.1 टक्का, 0.025 टक्का किंवा नुसता मलमाचा आधार लावण्यास दिला. कोणाला काय मिळाले हे रुग्णासही ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यासही नाही. दोन्ही तीव्रतांनी जवळजवळ सारखीच सुधारणा दिसली. क्षोभ मात्र 0.1 टक्का लावणाऱ्यांत सुमारे तिप्पट होता. म्हणजे चौपट औषध, तिप्पट दाह आणि गुण तितकाच. सोलवटणे म्हणजे औषध लागू पडणे, ही जी समजूत रुग्णांत आणि काही चिकित्सकांतही आहे, ती या अभ्यासापुढे टिकत नाही. मुरुमांच्या बाबतीत अधिक तीव्रतेने काही प्रमाणात अधिक गुण येतो हे खरे. परंतु दाह सोसवेना म्हणून रुग्णाने तिसऱ्या आठवड्यात औषध सोडले, तर तो अधिक गुण कागदावरच राहतो.

आपल्याकडील सावळ्या व गव्हाळ वर्णास आणखी एक गोष्ट लागू आहे. गोऱ्या त्वचेवर दाह झाला की लाली येते आणि जाते. आपल्या त्वचेवर तो मागे काळेपणा ठेवून जातो आणि तो महिनोन्‌महिने राहतो. गंमत अशी, की दाहानंतरचा काळेपणा घालविण्यासाठी हेच ट्रेटिनॉइन उपयोगी पडते. 1993 साली कृष्णवर्णीय रुग्णांवर 40 आठवडे केलेल्या अभ्यासात तसे दिसले. पण त्याच अभ्यासात कित्येकांना औषधाने त्वचेचा क्षोभही झाला. एकच द्रव्य डाग काढते आणि डाग पाडते. कोणते होईल हे मात्रा व काल यांवर ठरते. युक्ती मात्रा आणि काल यांच्या आश्रयाने असते हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सांगितले, ते या परक्या औषधास तंतोतंत लागू पडते.

सुरुवात कोठून करावी

ही औषधे वैद्याने लिहावीत की नाहीत, हा कायद्याचा प्रश्न आहे आणि त्याची चर्चा येथे करीत नाही. आम्ही स्वतः अशा रुग्णास त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवितो. परंतु जो रुग्ण हे औषध आधीच लावीत आहे, त्यास योग्य रीत सांगणे आणि अयोग्य तीव्रता ओळखून थांबविणे हे आपले काम आहेच.

तेलकट त्वचेच्या, पूर्वी कधी रेटिनॉइड न लावलेल्या तरुणास अ‍ॅडापॅलीन 0.1 टक्का जेल किंवा ट्रेटिनॉइन 0.025 टक्का एवढ्यावर प्रारंभ होतो. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, नंतर एक रात्र सोडून, सोसले तर रोज. बारा आठवडे होईपर्यंत निर्णय घ्यावयाचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मुरूम थोडे वाढल्यासारखे दिसतात, त्याने घाबरू नये. बारा आठवड्यांनी त्वचा शांत असूनही नवे मुरूम येत असतील, तरच 0.05 टक्क्याचा विचार. अ‍ॅडापॅलीन असेल तर 0.3 टक्क्याचा. ट्रेटिनॉइन 0.1 टक्क्यापर्यंत जाण्याची वेळ फार थोड्यांवर येते. मूळ तीव्रतेवरच त्वचा सोलत असेल, तर आधी रात्री कमी करावयाच्या, मग कल्प बदलावयाचा आणि शेवटी तीव्रता उतरवावयाची.

पित्तप्रधान, चटकन लाल होणाऱ्या त्वचेत आणि वातप्रधान, कोरड्या त्वचेत आम्हांला क्रीमच बरी वाटते, तीही साध्या स्निग्ध मलमावर. कफप्रधान जाड त्वचा लवकर सोसते. हा आमच्या पाहण्यातला अनुभव आहे, सिद्धांत नव्हे; प्रकृती आणि रेटिनॉइडची सहनशीलता यांची सांगड कोणी तरुण वैद्याने पदव्युत्तर प्रबंधासाठी घेतली तर उत्तम होईल.

लावण्याचे प्रमाण साऱ्या चेहऱ्यास मिळून वाटाण्याच्या एका दाण्याएवढे. आपल्या लेपाची जाडी सुश्रुताचार्यांनी म्हशीच्या ओल्या कातड्याएवढी सांगितली आहे आणि आपल्या रुग्णांस त्याच जाडीची सवय असते, म्हणून हे दोनदा सांगावे लागते. चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा होऊ देऊन, वीस मिनिटांनी लावावे. डोळ्यांचे व ओठांचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या कडा सोडाव्यात. आणखी एक विरोध लक्षात घेण्याजोगा आहे. लेप रात्री लावू नये असे आपले शास्त्र म्हणते, कारण रात्रीच्या शैत्याने त्वचेतील ऊष्मा कोंडतो. ट्रेटिनॉइन मात्र रात्रीच लावावे लागते, कारण ते प्रकाशाने नष्ट होते. दोन्ही नियम आपापल्या जागी सकारण आहेत. दिवसा ऊनरोधक मलम व छत्री हवीच. आमच्या भागात चैत्रापासून मृगापर्यंत जे ऊन असते, त्यात ऊनरोधकाची तयारी नसलेल्या रुग्णाने रेटिनॉइड सुरूच करू नये, या मताचे आम्ही आहोत.

ज्या त्वचेवर रेटिनॉइड चालू आहे तिचा बाहेरचा कठीण थर पातळ झालेला असतो. तिच्यावर सैंधव, सर्षप, लिंबाचा रस, खरबरीत उद्वर्तन, पार्लरमधील ब्लीच आणि वॅक्स यांतील काहीही जाचक ठरते. वरच्या ओठावर वॅक्स केल्यावर कातडे निघून आलेल्या दोन मुली आम्ही पाहिल्या आहेत. लग्नसराईत तर हळद, बेसन आणि लिंबू एकदमच येतात.

तिच्या आईची ट्यूब

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतो. लेप व ट्यूब दोन्ही त्याच दिवशी बंद केली, शतधौत घृत दिले, उन्हात जाणे थांबविले आणि शहरातील एका त्वचारोगतज्ज्ञ स्नेह्यांकडे पाठविले. दहा-बारा दिवसांत दाह व चिरा भरून आल्या, पण दोन्ही गालांवर तळहाताएवढे काळसर पट्टे उरले. लग्न त्या पट्ट्यांवर रंग चढवून लागले. छायाचित्रांत ते दिसत नाहीत असे तिची आई म्हणते. पट्टे जाण्यास पाच महिने लागले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आई स्वतः आल्या. वय एकोणपन्नास, रजोनिवृत्ती नुकतीच झालेली, त्वचा कोरडी, डोळ्यांच्या कडांना बारीक वली, कपाळावर दोन खोल आठ्या, गालांवर व्यंगाची छटा. त्यांच्या हातात मुलीची तीच अर्धी उरलेली ट्यूब होती. ‘डॉक्टर, ही सुरकुत्यांनाही चालते म्हणतात. महागाची आहे, टाकवत नाही. थोडी थोडी लावू का?’

टाकवत नाही, या भावनेने आपल्या घरांत किती औषधे जिवंत राहतात! आम्ही ती ट्यूब ठेवून घेतली आणि त्यांनाही त्याच स्नेह्यांकडे पाठविले. त्यांनी 0.025 टक्क्याची क्रीम दिली, आठवड्यातून दोन रात्री, खाली व वर साधे स्निग्ध मलम. महिन्याभरात काकूंची तक्रार आली, की काहीच जळत नाही, सोलत नाही, औषध हलके असावे. वर सांगितलेला 48 आठवड्यांचा अभ्यास आम्ही त्यांना आपल्या भाषेत समजावून सांगितला. सुरकुत्यांच्या मान्यताप्राप्त मलमाच्या माहितीपत्रकातही, ते सुरकुत्या नाहीशा करीत नाही, उन्हाने झालेली हानी पूर्ववत करीत नाही, असे स्पष्ट म्हटलेले असते. बारीक रेषा, खरखरीतपणा आणि डाग यांत काहीसा उतार पडतो. आठ्या जात नाहीत.

याच संदर्भात बाकुचीबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत, कारण हल्ली आपल्या व्यवसायबंधूंकडून तिची ‘आयुर्वेदिक रेटिनॉल’ अशी प्रसिद्धी होते. बाकुचीच्या बीजांतून काढलेल्या बाकुचिऑल या द्रव्याची रेटिनॉलशी तुलना करणारा अभ्यास ब्रिटिश त्वचारोग नियतकालिकात 2019 साली प्रसिद्ध झाला. 44 व्यक्ती, 12 आठवडे, दोन्ही 0.5 टक्के, बाकुचिऑल दिवसातून दोनदा, रेटिनॉल एकदा. सुरकुत्या व डाग यांत दोघांचा गुण सारखा आणि रेटिनॉलने सोलणे व चुणचुण अधिक. आनंदाची गोष्ट आहे. पण अभ्यास लहान आहे, तुलना रेटिनॉलशी आहे, ट्रेटिनॉइनशी नव्हे; आणि वेगळे काढलेले बाकुचिऑल म्हणजे बाकुची तैल नव्हे. बाकुचीच्या बीजांत ज्या सोरॅलेनांमुळे श्वित्रात गुण येतो, तीच उन्हात त्वचेवर फोड आणतात. सुरकुत्यांसाठी चेहऱ्यावर बाकुची तैल चोळून उन्हात गेलेली रुग्णा आपल्याकडे येईल, तेव्हा दोष आपल्याच शास्त्राच्या नावे लागेल.

न विचारलेले प्रश्न

ट्रेटिनॉइन आपल्याकडे अनेकदा एकटे येत नाही. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एखादे स्टिरॉइड अशा तिहेरी मलमातून ते येते. या कल्पनेचे मूळ क्लिगमन व विलिस यांच्या 1975 सालच्या योगात आहे. तो डागांसाठी, मर्यादित काळासाठी होता. आपल्याकडे तो गोरेपणाचे मलम म्हणून वर्षानुवर्षे लावला जातो. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी 12 केंद्रांवर केलेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या त्वचाविकारांच्या 2926 रुग्णांपैकी 433 जण, म्हणजे 14.8 टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावीत असल्याचे आढळले. 2018 साली केंद्र शासनाने अशी 14 स्टिरॉइडे चिठ्ठीवाचून विकता न येणाऱ्या सूचीत घातली, तरी ट्यूब मिळत राहतात. अशा रुग्णास मुरूम, लाली आणि लव यांची वाढ एकदम दिसते. मलम सोडले की चेहरा पेटतो, म्हणून तो पुन्हा लावतो. येथे ट्रेटिनॉइनची तीव्रता ठरविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आधी स्टिरॉइड ओळखावे आणि रुग्णास तज्ज्ञाच्या देखरेखीखाली द्यावे. ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून आपण ते एका दिवसात तोडले, तर होणाऱ्या उद्रेकाचे खापर आपल्या लेपावर फुटते.

दुसरा प्रश्न गर्भाचा. तोंडावाटे घेतलेले आयसोट्रेटिनॉइन गर्भास घातक आहे हे निर्विवाद आहे. ते थांबवून एक महिना होईपर्यंत गर्भधारणा टाळावी लागते. बाह्य रेटिनॉइड अंगात फार थोडे शोषले जाते, तरीही गर्भिणीस व गर्भाची इच्छा असणाऱ्या स्त्रीस ते न देणे हाच सर्वमान्य दंडक आहे, आणि टॅझारोटीन तर निषिद्धच. लग्नापूर्वी मुरुमांसाठी जी मुलगी ट्यूब घेते, तीच लग्नानंतर चार महिन्यांनी पाळी चुकली म्हणून आपल्याकडे येते. तोपर्यंत ती ट्यूब तिच्या सासरच्या कपाटात गेलेली असते.

या सर्व प्रकारानंतर आम्ही आमच्या केसपेपरवर आहार, निद्रा, मल, मूत्र यांच्या खाली एक ओळ छापून घेतली आहे: ‘चेहऱ्यास काय लावता? ट्यूब दाखवावी.’ ‘औषध कोणते घेता’ असे विचारून उपयोग नाही, कारण क्रीम हे औषध नव्हे अशी लोकांची समजूत आहे. ट्यूब प्रत्यक्ष पाहावी. द्रव्याचे नाव, टक्केवारी, जेल की क्रीम, आणि ती किती दिवसांत संपते, एवढे लिहून घ्यावे. वीस ग्रॅमची ट्यूब रोज लावूनही योग्य प्रमाणात दोन महिने सहज पुरते. तीन आठवड्यांत संपत असेल तर दाहाचे कारण तेथेच सापडते. तीक्ष्ण लेप द्यावयाचा असेल, तर आम्ही रेटिनॉइड थांबवून निदान दोन आठवडे जाऊ देतो, आणि पापुद्रे दिसत असतील तर लेपच देत नाही.

काकूंचे आता नऊ महिने झाले होते. डोळ्यांच्या कडांची जाळी विरळ झाली होती, गालांची खरखर गेली होती, कपाळावरील आठ्या होत्या तशाच होत्या. तीव्रता अद्याप 0.025 टक्केच, रात्री मात्र आठवड्यातून चार. त्या खुर्चीत बसल्या आणि आम्ही काही विचारण्यापूर्वीच पर्स उघडून त्यांनी ट्यूब टेबलावर ठेवली, तिच्याशेजारी ऊनरोधकाची आणि शेजारणीने दिलेली आणखी एक, नाव पुसट झालेली. ‘ही लावलेली नाही,’ त्या म्हणाल्या, ‘आधी तुम्ही वाचा.’